व्ही. व्ही. गिरी आणि कामगार चळवळ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भारताचे चौथे राष्ट्रपती वराहगिरी वेंकट गिरी हे नाव निघाले की बहुतेकांना १९६९ ची निवडणूक आठवते, आणि विषय तिथेच संपतो. त्याआधीची जवळपास पन्नास वर्षे हा माणूस रेल्वे कामगारांत, तुरुंगात, जिनिव्हात, कोलंबोत आणि दिल्लीच्या कामगार मंत्रालयात होता. त्या वर्षांबद्दल वाचक, युनियनचे कार्यकर्ते आणि स्पर्धा परीक्षा देणारी मुले जे विचारतात, त्याची उत्तरे इथे एकत्र केली आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखे खूप आहे.

गिरी मूळचे कुठले?

जन्म १० ऑगस्ट १८९४, ब्रह्मपूर येथे, म्हणजे तेव्हाच्या मद्रास इलाख्यातील गंजाम जिल्ह्यात. आज हे गाव ओडिशात आहे. घर तेलुगू, वडील वकील. मुलानेही वकील व्हावे हे घरातून ठरलेलेच होते आणि तो झालाही. पण वकिली शिकायला लंडनला न जाता तो डब्लिनला गेला, आणि पुढचे सगळे त्यामुळे बदलले.

डब्लिनमध्ये असे काय घडले?

गिरी १९१३ मध्ये तिथे पोहोचले. त्याच वर्षी ऑगस्टअखेर डब्लिनमध्ये प्रचंड टाळेबंदी सुरू झाली. जिम लार्किन आणि जेम्स कॉनली यांच्या युनियनमध्ये असाल तर कामावर येऊ नका, असे मालकांनी बजावले. सुमारे वीस हजार कामगार रस्त्यावर आले आणि ते १९१४ च्या जानेवारीपर्यंत तसेच राहिले. एकोणीस वर्षांच्या परक्या विद्यार्थ्याने त्या शहरात पाऊल ठेवले तेव्हा घरोघरी हाच विषय होता. युनियनचे सभासद असणे एवढाच गुन्हा ठरवून माणसांची चूल बंद करता येते, हे त्याला कायद्याच्या पुस्तकाआधी रस्त्यावर दिसले.

युनिव्हर्सिटी कॉलेज आणि वकिलीचे शिक्षण देणारी किंग्ज इन्स या दोन्ही ठिकाणी त्यांचे शिक्षण चालू होते. युनिव्हर्सिटी कॉलेजात इंग्रजी शिकवणारे थॉमस मॅकडोना हे आयरिश उठावाच्या पुढाऱ्यांपैकी एक. १९१६ च्या ईस्टरमध्ये उठाव झाला, तो चिरडला गेला आणि मे महिन्यात मॅकडोना आणि कॉनली दोघांनाही गोळ्या घालण्यात आल्या. जखमी कॉनलीला उभे राहता येत नव्हते, म्हणून त्याला खुर्चीला बांधून मारले. दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांच्या छळाबद्दल भारतीय विद्यार्थ्यांनी काढलेल्या पत्रकामुळे गिरींवर पोलिसांची नजर आधीच होती. उठावानंतर संशय बळावला आणि १९१६ मध्येच त्यांना आयर्लंड सोडावे लागले.

कॉनलीचा आपल्यावर झालेला परिणाम गिरींनी पुढे स्वतः सांगितला आहे. देशाचे स्वातंत्र्य आणि कामगाराचे स्वातंत्र्य वेगवेगळ्या खात्यांत मांडायचे नसते, ही शिकवण त्यांनी तिथून आणली असे मला वाटते. भारतात त्या काळी बहुतेक पुढारी आधी देश, मग कामगार असा क्रम लावत होते.

रेल्वे कामगारांशी त्यांचा संबंध कसा आला?

परत आल्यावर मद्रास उच्च न्यायालयात नाव नोंदवून वकिली सुरू केली. मग असहकार आला. दारूच्या दुकानांविरुद्धच्या निदर्शनांसाठी १९२२ मध्ये अटक झाली. ब्रह्मपूरवरून जाणारी रेल्वे होती बंगाल नागपूर रेल्वे, सगळे तिला बीएनआर म्हणत. कंपनीची मुख्य कचेरी कलकत्त्यात गार्डन रीचला, मोठा कारखाना खरगपूरला, आणि पश्चिमेचे टोक आपले नागपूर. मोतीबागेतला नॅरो गेजचा कारखाना याच कंपनीचा. गोंदिया-नागपूर भागातल्या जुन्या रेल्वे कुटुंबांत 'बीएनआरवाले' हा शब्द अजून ऐकू येतो.

या कंपनीच्या कामगारांची संघटना बांधणे हे गिरींचे पहिले मोठे काम. लाइनवरचा गँगमन, शेडमधला फिटर, स्टेशनातला पोर्टर, कचेरीतला कारकून, शेकडो मैलांवर विखुरलेले, चार-पाच भाषा बोलणारे. गिरणी कामगारांना निदान एका फाटकापाशी गाठता येते. रेल्वे कामगारांसाठी गाडीतून फिरत स्टेशनामागून स्टेशन घ्यावे लागते. याच काळात देशभरच्या रेल्वे युनियनांना एकत्र आणणारे ऑल इंडिया रेल्वेमेन्स फेडरेशन उभे राहिले. गिरी त्याच्या संस्थापकांपैकी एक आणि दहा वर्षांहून अधिक काळ त्याचे सरचिटणीस होते.

१९२७ साली खरगपूरला दोनदा काम बंद पडले. दुसऱ्या खेपेला मुद्दा कपातीचा होता. कंपनीला माणसे कमी करायची होती आणि कामगार ऐकायला तयार नव्हते. लढा महिनोन्महिने चालला, शांततेने चालला, आणि कपात झालेल्यांच्या बाबतीत कंपनीला नमते घ्यावे लागले. 'कपात' हा शब्द गिरींच्या आयुष्यात पुढे मंत्री म्हणून पुन्हा आला, तो खाली येईलच.

१९२७ मध्ये ते जिनिव्हाला कशासाठी गेले?

आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेत भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना, म्हणजे आयएलओ, १९१९ मध्ये व्हर्सायच्या तहातून जन्माला आली आणि पारतंत्र्यात असूनही भारत तिचा संस्थापक सदस्य होता. तिची रचना इतर कुठल्याही जागतिक संस्थेहून निराळी आहे. प्रत्येक देशाकडून सरकारचे दोन, मालकांचा एक आणि कामगारांचा एक असे चार प्रतिनिधी जातात आणि प्रत्येकाला स्वतंत्र मत असते. म्हणजे हिंदुस्थान सरकारचा प्रतिनिधी ज्या ठरावाला विरोध करतो, त्याच्या बाजूने हिंदुस्थानचाच कामगार प्रतिनिधी हात वर करू शकतो. साहेबाच्या राज्यात असे दुसरे व्यासपीठ नव्हते.

आपल्याकडे देशव्यापी कामगार संघटना निघण्यामागेही हे एक कारण होते. जिनिव्हाला कामगारांच्या वतीने कोण जाणार हे सरकारने परस्पर ठरवू नये, म्हणून देशभरच्या युनियनांची एक शिखर संस्था हवी होती. ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईच्या एम्पायर थिएटरमध्ये लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखाली ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेस, म्हणजे आयटक, स्थापन झाली. गिरी तिचे १९२६ मध्ये आणि पुन्हा १९४२ मध्ये अध्यक्ष झाले.

१९२७ च्या परिषदेत आजारपणाच्या विम्याचे दोन करार मंजूर झाले, एक उद्योगांसाठी आणि एक शेतीसाठी. भारतात तसा विमा यायला बराच काळ गेला. प्रा. भा. पुं. आडारकरांचा आरोग्य विम्याचा अहवाल १९४४ चा, आणि कर्मचारी राज्य विमा कायदा १९४८ चा. त्या वर्षीच्या परिषदेपुढे दुसरा विषय होता संघटना स्वातंत्र्याचा. त्यावर मात्र एकमत झाले नाही आणि तो बाजूला पडला.

नागपूरच्या फुटीत गिरी कोणत्या बाजूला होते?

ना. म. जोशींच्या बाजूला. १९२९ चे आयटक अधिवेशन नागपूरला भरले. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. व्हिटली आयोगाशी, म्हणजे ब्रिटिश सरकारने नेमलेल्या कामगारविषयक शाही आयोगाशी, सहकार्य करायचे की बहिष्कार घालायचा, जिनिव्हाला प्रतिनिधी पाठवायचे की नाही, यावरून कम्युनिस्ट आणि बाकीचे यांच्यात उभी फूट पडली. बहिष्काराचे ठराव मंजूर झाल्यावर जोशी, गिरी, दिवाण चमनलाल, बी. शिवराव ही मंडळी बाहेर पडली आणि त्यांनी इंडियन ट्रेड युनियन फेडरेशन काढले.

जोशी कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावचे, भारत सेवक समाजाचे, मुंबईत १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग काढणारे, आणि १९१९ च्या वॉशिंग्टनमधल्या पहिल्याच आंतरराष्ट्रीय परिषदेत भारतीय कामगारांचे प्रतिनिधी. त्यांना मवाळ म्हणून हिणवले गेले आणि गिरींनाही त्याच टोपलीत टाकले गेले. हे मला पटत नाही. ज्या चळवळीत बहुसंख्य कामगारांना अक्षरओळख नाही, निधी नाही, संप दोन महिने चालला की घरातली भांडी विकावी लागतात, तिथे मिळेल त्या प्रत्येक दालनात शिरून मागणी मांडणे हा भित्रेपणा नव्हता.

फुटीची जखम नागपूरलाच भरली. १९३८ मध्ये तिथेच एकीचे अधिवेशन झाले आणि १९४० मध्ये विलीनीकरण पूर्ण झाले. त्या एकीसाठी सूत्र मांडणाऱ्यांत गिरी पुढे होते.

गोलमेज परिषदेत ते होते का?

होते. १९३१ च्या दुसऱ्या परिषदेत कामगारांचे प्रतिनिधी म्हणून जोशी, शिवराव आणि गिरी असे तिघे बसले होते. गांधीजी आणि डॉ. आंबेडकर यांच्यातला वाद सगळ्यांना माहीत आहे. त्याच सभागृहात हे तिघे प्रौढ मताधिकार मागत होते, ते फारसे कुणी सांगत नाही.

स्वातंत्र्यापूर्वी त्यांनी सत्तेचे पद भूषवले होते का?

१९३४ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात गेले. १९३७ च्या निवडणुकीत त्यांनी मद्रास प्रांताचे मावळते पंतप्रधान (प्रांताच्या मुख्यमंत्र्याला तेव्हा पंतप्रधान म्हणत), बोब्बिलीचे राजे, यांना त्यांच्याच मुलखात हरवले. रेल्वे कामगारांचा पुढारी आणि बडा जमीनदार यांच्यातली ही लढत त्या काळी देशभर गाजली. राजाजींच्या मंत्रिमंडळात कामगार आणि उद्योग ही खाती मिळाली. १९३९ मध्ये युद्धाच्या प्रश्नावर काँग्रेस मंत्रिमंडळे बाहेर पडली, त्यानंतर तुरुंग. १९४२ मध्ये पुन्हा तुरुंग, आणि ती शिक्षा सर्वांत लांब, तीन वर्षांची. ती वेल्लोर आणि आपल्या अमरावतीच्या तुरुंगात काढली. १९४६ मध्ये मद्रासला पुन्हा कामगारमंत्री.

सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, उच्चायुक्त म्हणून त्यांनी काय केले?

१९४७ ते १९५१ ते कोलंबोत होते. स्वतंत्र भारताने तिथे कामगार पुढारी पाठवला याला अर्थ होता, कारण भारत आणि सिलोन यांच्यातला मुख्य प्रश्नच कामगारांचा होता.

चहा आणि रबराच्या मळ्यांसाठी ब्रिटिशांनी तमिळ मुलखातून पिढ्यानपिढ्या माणसे नेली. ती नेणाऱ्या मुकादमाला कंगानी म्हणत. तो गावात येऊन उचल द्यायचा, टोळी जमवायचा, मळ्यावर तोच हजेरी घ्यायचा आणि कर्जही त्याच्याच वहीत. बीड-अहिल्यानगरच्या ऊसतोड कामगारांना ही पद्धत वेगळी समजावून सांगायला नको. फरक इतकाच की तिथे हंगाम संपला तरी माणसे परतली नाहीत. मुले तिथेच जन्मली, नातवंडे तिथेच.

१९४८ मध्ये सिलोन स्वतंत्र झाला आणि त्याच वर्षी आलेल्या नागरिकत्व कायद्याने या लाखो लोकांना बाहेर ठेवले. वडील किंवा आजोबा इथे जन्मल्याचा पुरावा आणा म्हटल्यावर मळ्यातल्या लाइनीत राहणारा कामगार काय आणणार? १९४९ च्या कायद्याने नोंदणीची एक वाट ठेवली, पण सलग वास्तव्याचा पुरावा मागितला, लग्न झालेल्यांना सात वर्षांचा, इतरांना दहा. मताचा हक्कही गेला. गिरी उच्चायुक्त असताना हे सगळे घडले आणि भारताची बाजू कोलंबोत मांडण्याचे काम त्यांच्याकडे होते. ज्यांचा जन्म आणि घाम त्या मातीत आहे ते त्याच देशाचे नागरिक, ही ती बाजू.

त्यांना ते थांबवता आले नाही, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. १९६४ मध्ये लालबहादूर शास्त्री आणि सिरिमाओ बंदरनायके यांच्या करारात माणसांची वाटणी झाली. ५,२५,००० भारताने घ्यायचे, ३,००,००० सिलोनने, उरलेले १,५०,००० नंतर बघू. हे 'नंतर' १९७४ मध्ये उजाडले. दोन्ही देशांनी निम्मे निम्मे घेतले. तेव्हा राष्ट्रपती भवनात गिरी होते.

'गिरी अप्रोच' म्हणजे नेमके काय?

परीक्षेत विचारतात म्हणून पाठ केले जाते, पण त्यामागची तळमळ समजून घ्यायला हवी.

१९५२ मध्ये पाथपट्टणममधून लोकसभेवर निवडून आल्यावर नेहरूंनी गिरींना कामगारमंत्री केले. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याप्रमाणे तंटा झाला की सरकार तो न्यायाधिकरणाकडे सोपवू शकत होते. कामगारांचे, मालकांचे म्हणणे ऐकून न्यायाधीश निवाडा देणार आणि तो बंधनकारक. वरवर पाहता यात कामगाराचे भले दिसते. दुबळ्याला न्यायालयाचा आधार.

गिरींचे म्हणणे नेमके उलट होते. दर तंट्याला न्यायाधीशच लागत असेल तर युनियनला ताकद कमावण्याची गरजच उरत नाही. पुढारी कामगारांत जाण्याऐवजी वकिलाच्या चेंबरमध्ये बसतो. मालकही टेबलावर येत नाही, कारण टाळाटाळ करून तारखा घेणे त्याला परवडते. निकाल लागतो तोवर वर्षे गेलेली असतात, आणि हरलेला पक्ष मनात अढी ठेवून उरलेली वर्षे काढतो. म्हणून तंटा दोघांनी समोरासमोर बसून मिटवावा. नाही मिटला तर समेट अधिकारी मध्ये यावा. तरीही नाही तर दोघांनी राजीखुशीने लवाद नेमावा. सक्तीचा निवाडा जवळजवळ नकोच. ऑक्टोबर १९५२ मध्ये नैनितालला भरलेल्या भारतीय कामगार परिषदेत त्यांनी हा विचार जोरात मांडला.

विरोध सगळीकडून झाला. मालकांचा झालाच, पण काँग्रेसच्याच कामगार संघटनेला, इंटकलाही, ते नको होते. सरकारमध्ये अनेकांना भीती होती की पंचवार्षिक योजनेच्या ऐन सुरुवातीला संपांचे पेव फुटेल. कमजोर युनियनांना टेबलावर बसवले तर मालक त्यांना गिळतील हा आक्षेप तर आजही घेतला जातो आणि तो पोकळ नाही. असंघटित कामगाराला टेबलच मिळत नाही, तिथे कायदा लागतो. पण जिथे युनियन आहे तिथे गिरींचे निदान खरे ठरलेले मी पाहिले आहे. कामगार न्यायालयात वीस-वीस वर्षे पडून राहिलेल्या प्रकरणांची माणसे भेटतात, निकाल हातात येतो तेव्हा त्यांच्यातला निम्मा गट हयात नसतो.

त्यांनी १९५४ मध्ये राजीनामा का दिला?

बँक कर्मचाऱ्यांमुळे. हे प्रकरण जुन्या बँक कर्मचाऱ्यांच्या तोंडून ऐकावे.

पगार आणि भत्त्यांवरून बँकांमध्ये १९४० च्या दशकापासून तंटा चालू होता. पहिला निवाडा, सेन न्यायाधिकरणाचा, सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये रद्द ठरवला. मग शास्त्री न्यायाधिकरण बसले, त्याचा निवाडा १९५३ चा. त्यावर अपील झाले आणि १९५४ मध्ये कामगार अपील न्यायाधिकरणाने कर्मचाऱ्यांच्या पदरात थोडे अधिक टाकले. इतक्या वर्षांनी काहीतरी हाती लागत होते. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सरकारने आपला अधिकार वापरून तो निर्णय बदलला. लहान बँकांना आणि खेड्यांतल्या शाखांना हा बोजा पेलणार नाही, असे सरकारचे म्हणणे होते. अर्थखाते तेव्हा चिंतामणराव देशमुखांकडे होते.

गिरींची अडचण पाहा. सक्तीचा निवाडा त्यांना मुळातच नको होता. पण एकदा कामगारांना सांगितले की संप करू नका, न्यायाधिकरणाकडे जा, आणि ते गेले, वर्षानुवर्षे थांबले, तर निकाल गैरसोयीचा आहे म्हणून सरकारने त्यात हात घालायचा? मग कामगाराने कोणावर भरवसा ठेवायचा? कामगारमंत्री म्हणून आपण या निर्णयाचे समर्थन करू शकत नाही म्हणून ते मंत्रिमंडळातून बाहेर पडले. खुर्ची सोडायला कुणी सांगितले नव्हते.

पुढे जे झाले त्यात मराठी माणसांचा वाटा मोठा आहे. सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. तो मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. राजाध्यक्ष यांच्याकडे गेला. रेल्वे कामगारांच्या कामाच्या तासांचा राजाध्यक्ष निवाडा त्यांचाच. १९५५ मध्ये त्यांचे निधन झाले आणि काम न्या. प्र. बा. गजेंद्रगडकरांनी पूर्ण केले. त्यांचा अहवाल सरकारने स्वीकारला आणि त्यासाठी १९५५ मध्ये कायदाही झाला. गजेंद्रगडकर पुढे भारताचे सरन्यायाधीश झाले आणि पहिल्या राष्ट्रीय कामगार आयोगाचे अध्यक्ष. त्या आयोगाचा अहवाल आला ऑगस्ट १९६९ मध्ये, म्हणजे गिरी राष्ट्रपती झाले त्याच महिन्यात.

मंत्रिपदाच्या दोन वर्षांत टिकाऊ असे काही झाले का?

१९५३ ची दुरुस्ती. कापड गिरण्यांत मंदी होती, माल पडून होता, कामगारांना घरी बसवले जात होते. औद्योगिक विवाद कायद्यात नवे प्रकरण आले. ले-ऑफ दिला, म्हणजे तात्पुरते घरी बसवले, तर मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई, आणि कपात केली तर पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार. मुंबईच्या गिरणगावापासून इचलकरंजीपर्यंत 'वर्षाला पंधरा दिवस' हा हिशेब ज्याच्या त्याच्या तोंडी असतो, त्याचे मूळ इथे. खरगपूरला ज्यासाठी महिनोन्महिने लढावे लागले, ते कायद्यात लिहिले गेले.

ते निवडणूक हरलेही होते का?

हो, १९५७ मध्ये पार्वतीपुरममधून. दोन सदस्यांचा मतदारसंघ होता, एक जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव, एक सर्वसाधारण. दोन्ही जागी अनुसूचित जमातीचेच उमेदवार निवडून आले. गिरी न्यायालयात गेले. राखीव प्रवर्गातील उमेदवार सर्वसाधारण जागाही जिंकू शकतो, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये त्यांच्या विरोधात दिला. तो निकाल योग्यच होता.

त्यानंतर उत्तर प्रदेश, केरळ आणि म्हैसूर इथे राज्यपाल, आणि १९६७ मध्ये उपराष्ट्रपती.

१९६९ मध्ये बँकांचा आणि त्यांचा पुन्हा संबंध कसा आला?

मला या आयुष्यातला सर्वांत विलक्षण योग वाटतो तो हाच.

३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती झाकिर हुसेन यांचे पदावर असताना निधन झाले आणि उपराष्ट्रपती गिरी हंगामी राष्ट्रपती बनले. १९ जुलैला त्यांनी चौदा मोठ्या बँकांच्या राष्ट्रीयीकरणाच्या अध्यादेशावर सही केली. पुण्याची बँक ऑफ महाराष्ट्र त्या चौदांत होती. दुसऱ्याच दिवशी, २० जुलैला, राष्ट्रपतिपदाची निवडणूक अपक्ष लढवण्यासाठी त्यांनी राजीनामा दिला. बँक कर्मचाऱ्यांसाठी मंत्रिपद सोडलेल्या माणसाची हंगामी राष्ट्रपती म्हणून अखेरची मोठी सही बँकांच्याच कागदावर व्हावी! उपराष्ट्रपतिपदही रिकामे झाल्याने सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांना महिनाभर राष्ट्रपतींचे काम पाहावे लागले. हिदायतुल्ला नागपूरच्या मॉरिस कॉलेजचे विद्यार्थी.

काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी होते. पंतप्रधान इंदिरा गांधींनी खासदार-आमदारांना सदसद्विवेकाने मत द्यायला सांगितले. तिसरे उमेदवार होते चिंतामणराव देशमुख, स्वतंत्र पक्ष आणि जनसंघाच्या पाठिंब्यावर. १९५४ चे अर्थमंत्री आणि १९५४ चे कामगारमंत्री समोरासमोर. देशमुखांनीही १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा दिला होता, महाराष्ट्र ते विसरलेला नाही. तत्त्वासाठी मंत्रिपद सोडलेली दोन माणसे एकाच मतपत्रिकेवर होती.

पहिल्या पसंतीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ मतमूल्य मिळाले. विजयासाठी ४,१८,१६९ हवे होते. दुसऱ्या पसंतीची मते मोजल्यावर गिरी ४,२०,०७७ वर गेले आणि रेड्डी ४,०५,४२७ वर थांबले. देशमुखांच्या मतदारांची दुसरी पसंती बहुतांशी रेड्डींकडे गेली, पण सगळी नाही. आजवर दुसऱ्या पसंतीपर्यंत गेलेली ही एकमेव राष्ट्रपतिपदाची निवडणूक.

निवडीला आव्हान दिले गेले तेव्हा गिरी स्वतः सर्वोच्च न्यायालयात साक्षीसाठी हजर झाले. पदावर असलेल्या राष्ट्रपतीने असे करण्याची ती पहिलीच वेळ. निवड कायम राहिली. फेब्रुवारी १९७० मध्ये न्यायालयाने राष्ट्रीयीकरणाचा कायदा रद्द केला आणि चारच दिवसांनी नवा अध्यादेश आला, त्यावरही सही गिरींचीच.

ते 'रबर स्टॅम्प' होते अशी टीका होते. ती खरी का?

बऱ्याच अंशी. १९७० मध्ये ते सोव्हिएत दौऱ्यावर असताना उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावण्याचा कागद त्यांच्याकडे किएव्हला पाठवला गेला आणि त्यांनी तिथेच सही केली. मुख्यमंत्री चरणसिंगांना विधानसभेत बहुमत सिद्ध करू द्यायला हवे होते. १९५४ मध्ये सरकारच्या निर्णयाशी जमले नाही म्हणून बाहेर पडलेला माणूस राष्ट्रपती भवनात तसा दिसत नाही. राष्ट्रपतीला मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच वागावे लागते हे खरे, पण फेरविचारासाठी एक शब्द लिहायला राज्यघटना आडवी येत नव्हती. त्यांच्याबद्दल आदर आहे म्हणूनच हे लिहिताना त्रास होतो.

१९७४ च्या रेल्वे संपात त्यांची भूमिका काय होती?

८ मे १९७४ रोजी सुरू झालेला तो संप ऑल इंडिया रेल्वेमेन्स फेडरेशनच्या पुढाकाराने झाला. म्हणजे गिरींनी उभारलेल्याच संघटनेच्या. तिचे अध्यक्ष तेव्हा मुंबईचे जॉर्ज फर्नांडिस. बोनस, कामाचे तास, वेतनातली तफावत या मागण्या. सरकारने हजारोंना अटक केली, घरे रिकामी करायला लावली, आणि २७ मे रोजी संप मागे घ्यावा लागला. या सगळ्या काळात राष्ट्रपती गिरी होते. कारवाई त्यांच्या सरकारच्या नावाने झाली. मनमाड, भुसावळ, कल्याणच्या रेल्वे वसाहतींतून तेव्हा पोलीस फिरत होते. त्यांच्या मुदतीचे जेमतेम तीन महिने उरले होते. बीएनआरच्या लाइनवर स्टेशनामागून स्टेशन फिरलेल्या माणसाच्या वाट्याला शेवटी हे यावे, याचे मला फार वाईट वाटते.

महाराष्ट्रातल्या कामगार कायद्यांशी त्यांचा काही संबंध आहे का?

थेट नाही. पण युनियनला मान्यता देणारा आणि अनुचित कामगार प्रथांना आळा घालणारा महाराष्ट्राचा १९७१ चा कायदा, ज्याला कार्यकर्ते एमआरटीयू म्हणतात, त्याला राष्ट्रपतींची संमती लागली ती गिरींच्या कारकिर्दीत. मालकाने कोणाशी बोलायचे हे ठरवून देणारा तो कायदा वाटाघाटीच्या टेबलाकडेच नेतो. तो प्रत्यक्ष लागू झाला सप्टेंबर १९७५ मध्ये.

त्यांच्या नावाची संस्था कुठे आहे?

नोएडात. राष्ट्रीय कामगार संस्था १९७४ मध्ये सुरू झाली आणि १९९५ मध्ये तिला व्ही. व्ही. गिरींचे नाव दिले गेले. युनियन कार्यकर्त्यांसाठी तिथे प्रशिक्षणवर्ग होतात, ग्रंथालयही आहे. जमेल त्याने एकदा जावे. गिरींना १९७५ मध्ये भारतरत्न मिळाले आणि २४ जून १९८० रोजी मद्रासला त्यांचे निधन झाले.

१९२७ मध्ये बाजूला पडलेल्या संघटना स्वातंत्र्याच्या विषयाचे पुढे काय झाले?

जिनिव्हात तो दुसऱ्या महायुद्धानंतर पुन्हा आला. संघटना स्वातंत्र्याचा करार क्रमांक ८७ हा १९४८ मध्ये, आणि संघटित होण्याचा व सामुदायिक वाटाघाटींचा करार क्रमांक ९८ हा १९४९ मध्ये मंजूर झाला. आयएलओच्या मूलभूत करारांत या दोन्हींची गणना होते. भारताने दोन्ही अजून मान्य केलेले नाहीत. सरकारी नोकरांवरची सेवा नियमांतली बंधने आडवी येतात, असे कारण दिले जाते. यातला ९८ क्रमांकाचा करार म्हणजे बराचसा तोच विचार, जो नैनितालला एक कामगारमंत्री आपल्याच लोकांना पटवू पाहत होता.